मार्थाला न्यायला गेलो तेव्हा

इरा आणि नील,

हे मुळात तुम्हा दोघांसाठीच लिहायला घेतलं होतं. पण आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंना कुठून तरी कुणकुण लागली, आणि ‘अमानवीय अनुभव’ या सदरासाठी द्याच म्हणून त्या मागे लागल्या. त्यामुळे इतर वाचकांसाठी आधीच सांगून टाकते — या सदरात माझं नाव यावं हे मलाच विनोदी वाटतंय. हे सदर मी आजवर फक्त शुद्धलेखनाच्या चुका काढायला वाचत आले. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि लग्न केलं ते मातीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाशी. आमच्या घरात भुताला कधी कुणी चहासुद्धा विचारलेला नाही.

तरीही जे झालं ते झालं. जसं झालं तसं क्रमाने लिहिते. मीठमसाला नाही.

आम्ही राहतो ते जपानमधलं उरायासु तुम्ही पाहिलेलं आहे. समुद्रात भराव घालून केलेली जमीन. २०११च्या भूकंपात आमची इमारत उभी राहिली, पण खालची जमीन पातळ झाली. रस्त्यातून करडी वाळू उकळून वर आली, विजेचे खांब वाकडे झाले, मॅनहोल माणसाच्या कमरेएवढी वर आली. पुढे कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. त्या वेळी तुमचे बाबा फोनवर एकच धोशा लावून होते — “आई, आहात तशा निघा.” आसपासची बरीच भारतीय कुटुंबं गेलीही. तुमचे आजोबा म्हणाले, “ज्या मातीवर मी जन्मभर लेक्चरं दिली ती स्वतः दारात आलीय, आणि मी पळून जाऊ?” मग मीही राहिले. आजोबांना एकटं ठेवलं असतं तर त्यांनी ओला कचरा प्लास्टिकच्या वारी टाकला असता.

कचऱ्याचं सांगायचं कारण आहे. आमच्या इमारतीत कचरा ठेवायच्या जागेची पाळी असते, आणि माझ्या पाळीत तिथे काही वेडंवाकडं झालेलं मला चालत नाही. पिशव्यांवर निळी जाळी टाकायची, तिच्या कडांवर पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवायच्या. का? तर कावळे. इथले कावळे आपल्याकडच्यांपेक्षा मोठे, चोच जाड, आणि लाज अजिबात नाही. शेजारच्या ओकावा-सान आणि मी, दोघी त्यांच्याशी कितीतरी वर्षं लढत आलो आहोत. जपानी कावळ्याला खाण्याची वस्तू दिसली आणि त्याने ती सोडली, असं मी कधीही पाहिलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा.

आता मार्था.

भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात आजोबा चिबाच्या किनाऱ्यावरच्या गावांमधून जमिनीची पाहणी करत फिरत होते. एका मासेमारीच्या गावात टेकडीवर बौद्ध देऊळ आहे, मागे जुनं कब्रस्तान. भूकंपात तिथली दगडी भिंत पडली आणि भिंतीआड वर्षानुवर्षं झाकलेला एक दगड उघडा पडला. आजोबांनी भेगांचे फोटो काढले, त्यांत तो आला. रात्री जेवताना ते मला म्हणाले, “हे बघ, इथे इंग्रजी अक्षरं.”

मी चष्मा लावला. मार्था. मुलगी अ‍ॅबनर टिलरीची. नेब्रास्का. बस, एवढंच.

नील, त्याच वर्षी तुला शाळेत वंशवृक्ष काढायचा होता, आठवतंय? तू स्काइपवर मला दाखवला होतास. आपल्या बाजूला केळकरांची खंडीभर नावं, आणि तुझ्या आईच्या बाजूला सगळ्यात वर बैलगाडी काढून लिहिलं होतंस: ‘अ‍ॅबनर टिलरी, पायोनियर’. नेब्रास्काच्या माळावर पहिल्यांदा जाऊन राहिलेला माणूस. झाडं नव्हती, म्हणून गवताच्या मुळांसकट माती कापून तिच्या विटांचं घर बांधणारा. आजोबा त्या घरावर इतके खूश झाले होते की तुझं बोलणं बाजूलाच राहिलं.

मी लगेच तुमच्या ग्रॅमा रूथला विचारलं. रूथचे ते पणजोबा. त्यांच्या मुलांची नावं रूथला तोंडपाठ होती, आणि त्यांत मार्था नव्हती.

“मग हा दुसरा कोणी टिलरी असेल,” मी म्हटलं.

रूथने आधी चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, “शालिनी, एक मार्था होती. आमच्यात तिचं नाव घेत नाहीत. ती शिक्षिका होऊन परदेशी गेली एवढंच मला माहीत आहे. माझ्या आजोबांची ती थोरली बहीण.”

अर्धवट उत्तरावर मी गप्प बसणारी नाही, हे माझ्या विद्यार्थिनींना विचारा. केटला, तुमच्या आईला, मी सांगितलं, कुणाला तरी अ‍ॅबनरच्या थडग्याचा फोटो काढायला पाठव. केटचा मामेभाऊ जाऊन आला. दगडावर अ‍ॅबनर, त्याची बायको, आणि खाली मुलांची नावं ओळीने कोरलेली. पहिल्या आणि दुसऱ्या नावाच्या मध्ये एक ओळ कोरी. खोडलेली नाही — सोडलेली. एक नाव मावेल एवढी.

त्या कोऱ्या ओळीने रूथला घेरलं. तिचं हृदय तेव्हाच कमजोर झालं होतं, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणत होते. ती मला म्हणाली, “मी जायच्या आत मार्थाला तिच्या वडिलांशेजारी आणायचंय. मला दुसरं काही नको.”

आणि इकडेही घाई होती. जपानमध्ये ज्या थडग्यांना विचारणारं कोणी उरलेलं नसतं, त्यांच्यासमोर देऊळ पाटी लावतं — नातेवाइकांनी ठरलेल्या मुदतीत यावं, नाहीतर सगळ्यांची माती एकत्र एका ढिगात जाईल आणि दगड हलवला जाईल. पडलेली भिंत नव्याने बांधायची म्हणून त्या रांगेतल्या सगळ्यांना पाट्या लागल्या होत्या. मार्थालाही.

मी देवळात फोन केला. पुजाऱ्यांच्या पत्नी बोलल्या. त्यांना एवढंच ऐकून माहीत होतं की ही बाई गावातल्या मुलींना शिवण आणि इंग्रजी शिकवायची, आणि म्हातारी होऊन तिथेच वारली. “इतक्या वर्षांनी आता मातीच असेल,” त्या म्हणाल्या. “पण घरचे असतील तर खुशाल न्या.”

म्हणजे मूठभर माती. आजोबा म्हणाले, “अमेरिकेत बाहेरची माती नेता येत नाही, कस्टम्सवाले डबा उघडतील.” मी म्हटलं, “परवानगी केट काढतेय. तुम्ही फक्त खणायला चला.”

वसंतातल्या हिगानला आम्ही गेलो. हिगान म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाचा आठवडा; सगळा जपान त्या दिवसांत आपापल्या माणसांची थडगी धुवायला जातो. ओकावा-साननी गाडी काढली. त्यांच्याकडे बादली, लाकडी पळी, उदबत्त्या, फुलं. माझ्याकडे स्टीलचा डबा.

आम्ही दगड धुतला. शेवाळ निघालं, अक्षरं स्वच्छ झाली. मग मी डब्यातून दहीभाताचा गोळा काढला, वर तीळ घातले आणि दगडापुढे ठेवला.

“दामे, दामे!” ओकावा-सान ओरडल्याच. म्हणजे, नको नको! त्यांनी मला फाटकावरची पाटी दाखवली. तिच्यावर कावळ्याचं चित्रच होतं: खाण्याचे पदार्थ थडग्यावर ठेवून जाऊ नयेत. “केरुकारु-सान,” — केळकरचं त्यांच्या तोंडी हेच होतं — “कावळे येतील!”

“यायलाच हवेत,” मी म्हटलं.

ओकावा-सान माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईबरोबर आपण इतकी वर्षं जाळ्या लावल्या तिला आज काय झालं, असा तो चेहरा होता.

इरा, तुलाही हे कुणी सांगितलेलं नसेल. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. तो शिवला, म्हणजे गेलेल्याचं मन कशात अडकलेलं नाही. नाही शिवला, तर घरातलं कोणी तरी पुढे होऊन मोठ्याने सांगतं — तुमच्या धाकटीचं लग्न करून देऊ, तुमच्या गायीला विकणार नाही — जे काही असेल ते. माझ्या आजोबांच्या वेळी सांगलीच्या घाटावर मी हे पाहिलं होतं. फ्रॉकमध्ये होते, आणि तेव्हाही माझं मत झालं होतं की कावळ्याचं पोट भरलेलं आहे.

मग मी भात का नेला? विश्वास म्हणून नाही. एखादं काम करायचं तर रीतसर करावं, म्हणून. या बाईला शंभर वर्षांत तिच्या माणसांपैकी कोणी घासभर वाढलं नव्हतं. तिची माणसं म्हणून आम्ही आलो होतो, आणि मला एवढीच रीत येत होती. पुजारीणबाईंची मी परवानगी घेतली. त्या हसल्या. “ठेवा. निमिषात जाईल. मागचं मात्र तुम्हीच साफ करा.”

पडक्या भिंतीवर कावळे बसलेलेच होते. आमच्याकडे बघत होते. आम्ही बाजूला झालो.

एकही आला नाही.

ओकावा-साननी बाकावर ठेवलेल्या पिशवीतून एकाने सँडविच ओढून नेलं. पलीकडच्या थडग्यावर कुणी तरी विसरलेलं संत्रं दुसऱ्याने फोडलं. भात तसाच.

“दही आंबट असेल,” आजोबा म्हणाले.

“तुमच्यासारखी चव त्यांना नसते.”

आजोबा शास्त्रज्ञ. त्यांनी डब्यातला उरलेला भात घेतला, तसाच गोळा केला, तसेच तीळ लावले आणि भिंतीवर नेऊन ठेवला. “कंट्रोल. तुलनेसाठी,” ते म्हणाले. ते परत येईपर्यंत तो संपला होता. दोन कावळे तर त्यावरून भांडले.

मग मी पुढे झाले. लाज वाटली, पण झाले. “मार्थाबाई, काळजी करू नका. तुम्हाला तुमच्या वडिलांजवळ नेतो आहोत.”

एक मोठा कावळा उडी मारून खाली आला. भातापासून हातभर अंतरावर थांबला. मान तिरकी केली — आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

“मराठीत कळत नसेल तिला,” आजोबा म्हणाले.

मी इंग्रजीत सांगितलं. ओकावा-साननी, न राहवून, जपानीत सांगितलं. कावळा पाठ करूनच बसलेला. मी रूथचं नाव सांगितलं. नेब्रास्काचं सांगितलं. त्या कोऱ्या ओळीचंही सांगितलं. त्याने एकदा पंख झटकले, बाकी काही नाही.

आजोबांनी खुरपं काढलं होतं. मी त्यांना थांबवलं. “आज नको.”

“अगं, कावळ्यासाठी?”

“कावळ्यासाठी नाही. काहीतरी आपलंच चुकतंय. मला ते कळू दे.”

घरी येऊन केटला सांगायचं काय, हा प्रश्न होता. मी खरं तेच सांगितलं. केट बिचारी शांतपणे म्हणाली, “आई, मला तुमच्या रीतीचा आदर आहे. पण माझी आई आजारी आहे. प्लीज, जस्ट ब्रिंग हर होम.” तुमच्या बाबांनी आपल्या वडिलांना वेगळा फोन केला, आईला बरं आहे ना, म्हणून. मला ते ऐकू येत होतं.

मी पुजारीणबाईंकडून शरदातल्या हिगानपर्यंत मुदत मागून घेतली. तोपर्यंत मी रूथला दर रविवारी विचारत राहिले — मार्थाला काय हवं होतं? काही राहिलं होतं का तिचं? कोणाशी लग्न ठरलं होतं? रूथ दर वेळी म्हणायची, “मला नाही माहीत.” पण कॅमेऱ्याकडे न बघता म्हणायची. पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेय मी. माहीत नसलेलं मूल आणि सांगत नसलेलं मूल यांतला फरक मला कळतो. पण आजारी विहीणबाईंना उलटतपासणी तरी किती करायची?

दरम्यान रूथला एकदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. केटचा मेसेज आला: परवानगी मिळाली आहे. आता आम्ही फक्त तुमच्यासाठी थांबलो आहोत.

शरदात पुन्हा गेलो. या वेळी कब्रस्तानाच्या उतारावर लाल हिगानबाना फुलली होती; पान नाही, नुसत्या देठावर फूल. नवी भिंत बांधायला सुरुवात झाली होती. मार्थाच्या शेजारचे दोन दगड हलवलेही होते. आज काही झालं तरी माती घ्यायची, असं मी ठरवून आले होते. डबा कोरा करकरीत, झाकणावर कागद चिकटवून नाव लिहिलेलं.

दगड धुतला. भात ठेवला. आजोबांनी न सांगता भिंतीवर आपला कंट्रोल ठेवला. तो गेला.

मार्थाचा भात तसाच.

मी सगळं पुन्हा म्हटलं. वडिलांजवळ नेतो, घरी नेतो, नाव कोरतो, उपेक्षा होऊ देणार नाही. माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडे दगड धुणारं कुटुंब माझ्याकडे बघायला लागलं.

“न्यायचं, न्यायचं,” आजोबा एकदम म्हणाले. “तिला विचारलंस का, यायचंय का?”

“काय?”

“इतके दिवस तू तिला सांगतेयस. रूथ सांगतेय, केट सांगतेय. विचारलं कोणी?”

“मेलेल्या माणसाला विचारायचं?”

“मेलेल्या माणसाला भात वाढून कावळ्याची वाट बघतेस, ते चालतं. आणि विचारायची लाज वाटते?”

मला राग आला. खरं सांगते, चांगलाच राग आला. मी त्या दगडासमोर उकिडवी बसले. गुडघे दुखत होते. गाव खाली दिसत होतं, बंदरात जाळी वाळत घातलेली. ही बाई इथे म्हातारी झाली. दुकानदारांशी मोडक्या जपानीत बोलली असेल. कोणी तरी तिचंही नाव वेडंवाकडं उच्चारत असेल. आणि दर बोटीच्या टपालाने कोणी तरी तिला सांगत असेल — आता पुरे, परत ये.

मी हळूच म्हटलं, “मार्थाबाई, तुम्हाला यायचंय का? नसेल यायचं तर नका येऊ. इथेच राहा. आम्ही येत जाऊ.”

शेवटचा शब्द तोंडातून पुरता निघालाही नव्हता. माझ्या कानाशी वारा लागला. तो मोठा कावळा माझ्या खांद्यावरून खाली आला, भातात चोच घातली आणि घास घेऊन दगडावर जाऊन बसला. मग बाकीचे आले. दगडापुढची जागा काळी झाली, आणि बघता बघता तीळसुद्धा उरला नाही.

ओकावा-साननी हात जोडले. आजोबांच्या हातातलं खुरपं तसंच होतं. पुजारीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. मग त्याच म्हणाल्या, “म्हणजे दगड इथेच राहणार, असं मी समजू ना? मग पाटी काढते.”

आता खरी कठीण गोष्ट होती ती रूथला सांगायची. त्याच रात्री मी स्काइप लावला. तिच्याकडे सकाळ होती, उशांना टेकून बसली होती, केट शेजारी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माती मिळाली, एवढं ऐकायला आतुरलेली. मी लांबण लावली नाही. “रूथ, मी तिला आणलेलं नाही. मी तिला विचारलं, आणि मला वाटतं ती नाही म्हणाली.” मग सगळं सांगितलं. कावळा, पाठ, भिंतीवरचा दुसरा गोळा, सगळं.

केटने डोळे मिटून घेतले. आणि रूथ... रूथ हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, केटने पाणी दिलं.

“म्हणजे त्याला दोन्ही वेळा नाही म्हणाली,” रूथ म्हणाली.

“कोणाला?”

“अ‍ॅबनरला.” तिने डोळे पुसले. “शालिनी, मी तुला सांगितलं नाही. आमच्या घरात हे कोणी बाहेर सांगत नाही. माझ्या आजोबांनी मला लहानपणी एकदा सांगितलं होतं. अ‍ॅबनरने तिला आणायला माझ्या आजोबांनाच जपानला पाठवलं होतं. गुरं विकून तिकीट काढलं. ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले. ती म्हणाली, तू आलास, जेव, राहा. पण मी इथेच राहणार. ते एकटे परत गेले. त्यानंतर अ‍ॅबनरने तिचं नाव घेतलं नाही.”

“मग तू मला—”

“मला वाटलं, आता तरी ती हो म्हणेल.”

केटलासुद्धा हे माहीत नव्हतं. तुमच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो.

रूथने पुन्हा मातीचं नाव काढलं नाही. तिने काय केलं ते तुम्ही पाहिलंच आहे, कारण तुम्ही तिथे होतात. पुढच्या वसंतात तिला चाकांच्या खुर्चीतून माळावर नेलं, आणि त्या कोऱ्या ओळीत तिच्यासमोर नाव कोरलं गेलं. मार्था. खाली बारीक अक्षरांत: जपानमध्ये राहते. ‘राहते’ हे रूथनेच हट्टाने घालून घेतलं. ती नंतर दीड वर्षाने गेली, स्वतःच्या पलंगावर, झोपेत.

इकडे मार्थाच्या दगडाची नातेवाईक म्हणून देवळात आता माझं नाव आहे. दोन्ही हिगानला मी जाते. पुजारीणबाईंनी पाटीचा नियम माझ्यापुरता शिथिल केलाय, आणि मी भात ठेवला की कावळे मला मागे सरकायलासुद्धा वेळ देत नाहीत. दर वेळी. आजोबा अजून भिंतीवर कंट्रोल ठेवतात. दोन्ही गोळे सारखेच जातात.

आजोबांनी यावर खूप डोकं खाजवलं. नव्या वस्तूला कावळे बिचकतात, म्हणाले. मग भिंतीवरच्या गोळ्याला का नाही बिचकले? दगडाजवळ माणसं होती, म्हणाले. मग संत्रं कसं गेलं? शेवटी मला म्हणाले, “डेटा कमी आहे.” इतक्या वर्षांच्या संसारात, मला माहीत नाही असं म्हणायच्या इतक्या जवळ ते पहिल्यांदाच आले. मला तर तेवढंही म्हणता येत नाही. रूथने लपवलेली गोष्ट मला माहीत नव्हती, आजोबांना नव्हती, त्या टेकडीवर कोणालाच नव्हती. मग भात कशासाठी थांबला होता? मी रीतसर विचार करणारी बाई आहे, आणि या प्रश्नापुढे माझ्याकडे काहीही नाही.

इरा, नील, तुमचे बाबा हल्ली पुन्हा म्हणायला लागलेत — आई, आता पुरे, दोघं इकडे या, खोली तयार आहे. दर रविवारी म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. हे त्यांना वाचायला द्या. आणि माझ्या वतीने सांगा की अजून त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही.

— तुमची आजी, उरायासु